वर्गणीच्या वहीतली माणसं

मुंबईत आमच्या वाडीची किती माणसं राहतात, हे तहसील कचेरीत कोणाला सांगता येणार नाही. आमच्या मंडळाच्या खजिनदारांना येतं. देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी गोळा करायची तर कोण विक्रोळीत, कोण नालासोपाऱ्यात, कोणाचा मुलगा लग्नानंतर दिव्याला गेला, कोणाची आई अंथरुणाला खिळली, हे लिहून ठेवावंच लागतं. दर घराला एक पान. कोरोनाच्या टाळेबंदीत, मे २०२० मध्ये, ही वही कोणी मागून घेतली असती, तर कोकणच्या रस्त्यावरचे आणि गावातले बरेच हाल वाचले असते, असं माझं ठाम मत आहे.

त्या महिन्यात आम्ही दोघं कन्नमवारनगरहून कणकवली तालुक्यातल्या आमच्या गावी निघालो. ह्यांना इन्सुलिन चालू, शेजारच्या इमारतीला पत्रे ठोकून सील केलेलं, आणि गावात स्वतःचं घर कुलूपबंद. पोलिसांच्या संकेतस्थळावर ई-पाससाठी अर्ज भरायचा होता. प्रवासाच्या कारणापुढे ह्यांनी ‘घरी जाणे’ लिहिलं. भाचा म्हणाला, “मामा, घरी जायला कोण पास देतं? वैद्यकीय लिहा.” डॉक्टरांचा दाखलाही लागे. दवाखान्याबाहेर उन्हात रांग, आणि आत कपाळासमोर धरलेली तापमापकाची बंदूक. तपासणी तेवढीच.

पहाटे निघालो. पळस्प्यापासून पुढे एकही हॉटेल उघडं नाही. पेट्रोल मिळत होतं, पण पंपावरच्या स्वच्छतागृहांना कुलपं. मी पेणपासून पाणी प्यायचं सोडलं. त्या दिवसांच्या नियमावल्या ज्यांनी लिहिल्या त्यांत एखादी बाई होती की नाही, हा प्रश्न मला नागोठणे ते महाड सगळ्या रस्त्याने छळत होता. या महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून चाललेलं, त्यामुळे खड्डे होतेच. त्याबद्दल न लिहिलेलंच बरं.

आणि चालणारी माणसं. डोक्यावर बोचकी, कडेवर पोरं, पायात स्लीपर. गाडीत चालक धरून तिघांनाच परवानगी होती आणि आमच्या पासावर नावं दोनच. माणगावच्या पुढे एकाने हात केला. ह्यांनी गाडी थांबवली नाही, मीही थांबवा म्हटलं नाही. थोडेच दिवस आधी, ८ मे रोजी, जालन्याहून पायी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपलेले असताना मालगाडीखाली गेले होते. परतीच्या वाटेवर एकूण किती मजूर दगावले याची आकडेवारी आपल्याकडे नाही, असं केंद्र सरकारने पुढे सप्टेंबरमध्ये संसदेत सांगितलं. जे निघताना कोणाच्या यादीत नव्हते, ते मेल्यावर तरी कुठल्या यादीत येणार?

कशेडी घाटात गाड्यांची ही रांग. रायगड संपून रत्नागिरी सुरू होते ती ही जागा. पास, आधार, दाखला, पुन्हा बंदूक. खारेपाटणला, म्हणजे सिंधुदुर्गाच्या वेशीवर, तेच सगळं पहिल्यापासून, आणि डाव्या हातावर शाईचा शिक्का. ह्यांच्या इन्सुलिनच्या पिशवीतला बर्फ केव्हाच वितळला होता. प्रत्येक नाक्यावरचा शिपाई आमची नावं वहीत नव्याने लिहून घेत होता. ती वही पुढच्या नाक्याला पोचत नव्हती आणि आमच्या गावाला तर नाहीच नाही.

गावाच्या तोंडाशी ग्राम कृती दलाची माणसं उभी. त्यातला एक ह्यांचा चुलतभाऊ. लांबूनच म्हणाला, “वैनी, रागाव नकात, पण आधी शाळेत जावक व्हया.” शाळेत दोन खोल्या आणि आमच्याआधी आलेली पाच बिऱ्हाडं. संडास एक. शाळेच्या पायरीवरून आमच्या घराची कौलं दिसत. जाऊ रोज पेजेचा टोप गडग्यावर ठेवून मागे सरायची, मग मी पुढे व्हायची.

गावावर तेव्हा पुष्कळ आग पाखडली गेली. मुंबईकरांचे पैसे चालतात, मुंबईकर चालत नाहीत, वगैरे. मला ते पटत नाही. गावात उरलेत म्हातारे. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. सिंधुदुर्गात साडेआठ लाखही माणूस उरलं नाही. आजार बळावला की आमच्याकडची माणसं गोव्याला बांबोळीच्या इस्पितळात धावतात, आणि गोव्याची वेस तेव्हा बंद. अशा गावाने घाबरू नये तर काय करावं?

माझा राग आहे तो आंधळेपणावर. टाळेबंदी लागली २५ मार्चला आणि आम्ही निघालो मे महिन्यात. मधल्या काळात गावाला एवढंच कळायला हवं होतं की मुंबईहून किती जण येऊ शकतात, त्यांत म्हातारे किती, कोणाला कुठला आजार, आणि कोणाचं घर रिकामं आहे. आमच्या घरात त्या वेळी कोणीच राहत नव्हतं. विलगीकरणाला त्याहून चांगली जागा कुठली? ज्यांच्या घरात माणसं होती, त्यांनी शाळेत राहायचं. पण नियम सरसकट, म्हणून दोन खोल्यांत गर्दी आणि आवाठात कुलूपबंद घरं ओळीने. कोणती घरं रिकामी आहेत हे वाडीतल्या पोरांनाही ठाऊक होतं. कागदावर नव्हतं, म्हणून कामाचं नव्हतं.

जनगणना माणसाला जिथे राहतो तिथे मोजते, आणि २०२१ ची तर वेळेवर झालीच नाही. आपत्तीत मात्र माणूस जिथे राहतो तिथून उठून जिथलं आहे तिथे जातो. ग्रामपंचायतीने वाडीवाडीच्या मुंबई मंडळांकडून दर वर्षी यादी घ्यावी आणि तलाठी व आरोग्य उपकेंद्राकडे एकेक प्रत ठेवावी. याला ना पैसा लागतो ना ॲप.

हे मी ग्रामसभेत मांडलं. ग्रामसेवक म्हणाले, “काकी, पंचायतीचे नमुने एक ते तेहतीस. घरपट्टीला आठ नंबर आहे. तुम्ही म्हणता त्याला नमुनाच नाही.” सरपंच त्या मानाने बरे. ते म्हणाले, नमुन्याचं बघू, तोवर वहीची झेरॉक्स आणा.

मी मुंबईला येऊन खजिनदारांकडे वही मागितली. ते देईनात. “वैनी, त्यात कोणाची किती वर्षांची वर्गणी थकलीय तेही लिहिलंय,” म्हणाले, “आणि पहिल्याच पानावर सरपंचांच्या भावाची आहे.”