आधी डिस्क वाचवा, मग फाइल लहान करा

घरच्या डीव्हीडींचा बॅकअप घ्यायचा म्हटलं की आपल्या इंजिनिअर मंडळींची चर्चा ठरलेल्या वळणाने जाते. हँडब्रेक वापरावं की सरळ एफएफएमपेगच्या कमांड लिहाव्यात? एच.२६४ की एच.२६५? एन्कोडिंग प्रोसेसरवर करावं की ग्राफिक्स कार्डवर? तासभर मस्त जातो आणि डिस्क कपाटात तशीच राहते. माझ्या मते हे सगळे प्रश्न दुसऱ्या नंबरचे आहेत. पहिला प्रश्न डिस्क अजून वाचता येते का हा, आणि त्याला मुदत आहे.

बाजारातून आणलेल्या सिनेमांच्या डिस्कबद्दल मी बोलत नाहीये. त्यांना कॉपी प्रोटेक्शन असतं, त्याचा कायदा वेगळा, आणि तो सिनेमा बहुतेकदा दुसरीकडे मिळतोच. मी बोलतोय ते साधारण २००५ ते २०१५ च्या काळात आपल्या धाराशिव जिल्ह्यात (तेव्हाच्या उस्मानाबादेत) लागलेल्या लग्नांच्या, बारशांच्या आणि वास्तुशांतीच्या डीव्हीडींबद्दल. उमरगा, कळंब, तुळजापूर, परंडा, कुठलंही गाव घ्या. फोटो स्टुडिओवाल्याने कॅसेटवर शूटिंग केलं, वर सिनेमातली गाणी चढवली, दोन-तीन डिस्क करून दिल्या आणि बऱ्याचदा तीच कॅसेट पुढच्या लग्नाला वापरली. म्हणजे घरात जी डिस्क आहे ती कॉपी नाहीच, तीच मूळ प्रत. आजोबांची चाल, आजीचा आवाज, आत्याने घेतलेला उखाणा हे दुसरीकडे कुठेही नाही.

आणि ही प्रत फार नाजूक आहे. दुकानातली सिनेमाची डीव्हीडी साच्यातून छापलेली असते. स्टुडिओवाल्याची डीव्हीडी-आर म्हणजे प्लॅस्टिकच्या दोन चकत्यांमध्ये सेंद्रिय रंगाचा एक पातळ थर, आणि त्यावर लेसरने उमटवलेल्या खुणा. उष्णता, उजेड आणि दमट हवा यांनी तो रंग खराब होतो. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि डिस्क असते पत्र्याच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात. तेरच्या लामतुरे संग्रहालयात सातवाहन काळातल्या भाजलेल्या मातीच्या वस्तू आजही बघायला मिळतात. पण २००८ च्या लग्नाची डिस्क यंदा चालेल का, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. ज्या मोझर बेअरच्या डिस्क आपल्याकडे सर्रास मिळायच्या, ती कंपनीसुद्धा २०१८ मध्ये अवसायनात निघाली. असो.

आता जरा हिशेब करू. एका साध्या डीव्हीडीत जास्तीत जास्त ४.७ जीबी डेटा मावतो. घरात ६० डिस्क आहेत असं धरा (आणि ६० म्हणजे खूप झाल्या). सगळ्या काठोकाठ भरलेल्या असल्या तरी एकूण २८२ जीबी. एक टीबीच्या हार्ड डिस्कवर यांचा काहीही न बदलता बॅकअप बसतो आणि ७०० जीबी उरतात. ट्रान्सकोड करून २८२ चे ८० जीबी केले तर मिळालं काय? अशी जागा, जी आधीच रिकामी होती. दुहेरी थराची डिस्क पिळून ४.७ जीबीत बसवणाऱ्या डीव्हीडी श्रिंकच्या जमान्यात, म्हणजे २००३-०४ मध्ये, जागा खरंच महाग होती. ती सवय आपल्या डोक्यातून अजून गेलेली नाही, एवढंच.

हार्डवेअरचंही तेच. इंटेलचं क्विक सिंक २०११ मध्ये आलं, एन्व्हिडियाचं एनव्हेंक २०१२ मध्ये. दोन्ही झकास आहेत. पण आपल्याकडच्या डीव्हीडीची फ्रेम असते ७२० बाय ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांहूनही कमी पिक्सेल. फुल एचडीच्या जेमतेम पाचवा हिस्सा. एवढं काम चार कोअरचा साधा लॅपटॉप आरामात करतो. अडतं ते डिस्क वाचताना. ८एक्सचा ड्राइव्ह सेकंदाला फार तर ११ एमबी वाचणार, आणि चरे पडलेली डिस्क असेल तर एकेका सेक्टरवर घुटमळत बसणार. तिथे पन्नास हजारांचं ग्राफिक्स कार्ड काय करणार, कपाळ? हजार-दोन हजारांचा बाहेरून जोडायचा डीव्हीडी ड्राइव्ह ही खरी गुंतवणूक. शक्य असेल तर वेगवेगळ्या कंपन्यांचे दोन मिळवा, कारण एकाला न वाचता आलेला भाग दुसरा कधीकधी सहज वाचतो.

क्वालिटीचं बघायचं तर लग्नाचं शूटिंग ही कुठल्याही एन्कोडरची कठीण परीक्षा. हॅलोजनचा प्रखर झोत, हलता कॅमेरा, झगमगत्या साड्या, आणि मंगलाष्टकं संपता संपता चारी बाजूंनी पडणाऱ्या अक्षता. हजारो बारीक ठिपके, प्रत्येक वेगळ्या दिशेला. फाइल लहान करायच्या नादात नेमक्या त्या क्षणी चित्राचे चौकोन होतात. शिवाय हे व्हिडिओ बहुधा इंटरलेस्ड असतात, सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेम. घाईत डिइंटरलेस करून सेकंदाला २५ फ्रेम ठेवल्या की निम्मी हालचाल कायमची गेली. पिक्सेलचं प्रमाण चुकलं तर नवरदेव उगाचच बारीक दिसतो, ते वेगळंच. :) मूळ प्रत असेल तर या सगळ्या गोष्टी नंतर दुरुस्त होतात. नसेल तर नाही.

यावर एक आक्षेप रास्त आहे. आयएसओ फाइल घेऊन आई काय करणार? तिला मोबाइलवर नाहीतर टीव्हीवर बघायचंय. बरोबर, म्हणून ट्रान्सकोडिंग हवंच, पण ते बघायच्या प्रतीसाठी. जपायची प्रत वेगळी.

म्हणून माझा क्रम असा. आधी पूर्ण डिस्कची आयएसओ. डिस्क धड असेल तर कुठलंही साधं सॉफ्टवेअर चालेल. चरे असतील तर लिनक्सवरचं डीडीरेस्क्यू. ते आधी सोपा भाग वाचून घेतं, अवघड भागाकडे नंतर वळतं, आणि कुठवर आलो याचा नकाशा फाइलमध्ये लिहून ठेवतं. मध्येच लाइट गेली तरी तिथूनच पुढे सुरू, आणि तोच नकाशा घेऊन दुसऱ्या ड्राइव्हवरही प्रयत्न करता येतो. मग त्या आयएसओवरून निवांत हँडब्रेक. एच.२६४, क्वालिटी आरएफ २० च्या आसपास, डिइंटरलेस बॉब पद्धतीने म्हणजे ५० फ्रेम कायम. एच.२६५ ने थोडी जागा वाचेल, पण जुन्या टीव्हीवर चालेलच असं नाही. शेवटी आयएसओ दोन हार्ड डिस्कवर, एक गावी आणि एक पुण्यात किंवा जिथे नोकरी असेल तिथे. नुसती व्हॉट्सअॅपवर पाठवलेली क्लिप म्हणजे बॅकअप नव्हे.

एन्कोडर दरवर्षी सुधारणार आहेत. आज न जमलेलं डिइंटरलेसिंग दहा वर्षांनी एका क्लिकवर होईल. डिस्क मात्र दरवर्षी खराबच होत जाणार. एका बाजूला वेळ आपल्यासाठी काम करतोय आणि दुसऱ्या बाजूला आपल्याविरुद्ध. मग आधी कुठे धावायचं, हे ठरवायला बेंचमार्क कशाला हवेत?

दिवाळीला गावी जाल तेव्हा बॅगेत एक ड्राइव्ह आणि एक हार्ड डिस्क टाका. कोडेकचा वाद नंतर घालू, तो कुठे पळून जात नाही.