मुक्या जिवाचे दुखणे

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. रात्रीचे साडेनऊ वाजले असतील. जेवणे आटोपून मी ओटा पुसत होते, तोच दारावरची घंटा वाजली. समोरच्या बिऱ्हाडातील सूनबाई दारात उभी होती. हातात टोपली आणि टोपलीत टॉवेलमध्ये गुंडाळलेला तिचा तीन वर्षांचा बोका. म्हणाली, "काकू, दोन दिवस झाले, ह्याचे पोट साफ होत नाही. सारखा मोरीच्या कोपऱ्यात जाऊन कुंथत बसतो. तुमच्याकडे थोडे एरंडेल आहे का? उद्या रविवार, परवा डॉक्टरांकडे नेऊ."

माझ्या हातातील फडके हातातच राहिले. जवळजवळ हेच शब्द चाळीस वर्षांपूर्वी आमच्या घरात बोलले गेले होते.

१९८४ साली इंदुरात राजवाड्याच्या मागच्या बाजूस एका जुन्या वाड्यात आमचे बिऱ्हाड होते. घरात सासूबाई, आम्ही दोघे, दोन मुले आणि मन्या. मन्या म्हणजे पिवळसर पट्ट्यांचा, अंगाने भरलेला बोका. सासूबाईंच्या पूजेच्या वेळी देवघराच्या उंबऱ्यापाशी बसून राहावे, नैवेद्याच्या दुधाची वाटी खाली येईपर्यंत हलू नये, असा त्याचा नेम. एका शनिवारी तो त्या जागी दिसला नाही. मोरीत जाऊन बसे, कुंथे, उठे, पुन्हा बसे. सासूबाई म्हणाल्या, "पोट धरलंय त्याचं." त्यांनी मायेने बोटावर एरंडेल घेऊन त्याला चाटवले. रविवारी त्याने दूध सोडले. हे म्हणाले, "आज कोण डॉक्टर भेटणार? उद्या पाहू." सोमवारी सकाळी गुरांच्या दवाखान्यात नेला, तेव्हा त्याचे अंग गार पडू लागले होते.

तेथील डॉक्टरांनी त्याच्या पोटावर हात ठेवला आणि क्षणभर काही बोलले नाहीत. मग माझा हात धरून तेथे टेकवला. आत मोसंबीएवढा कठीण गोळा लागत होता. "बाई, हे पोट धरलेले नाही. हे मूत्राशय आहे. लघवीची वाट बंद झाली आहे. शनिवारी आणला असता तर नळी घालून मोकळी करता आली असती." त्यांनी प्रयत्न केला. दुपारी मन्या गेला.

वाचकहो, इतक्या वर्षांनंतर हे लिहिण्याचे कारण मन्याचे दुःख नव्हे. आमच्या घरी मायेची कमतरता नव्हती, आणि दवाखान्यापुरते पैसेही होते. आम्ही चुकलो ते दुसऱ्याच ठिकाणी. "थांबून पाहू" असे आम्ही म्हणालो, पण किती वेळ थांबायचे आणि काय दिसले म्हणजे उठायचे, हे कुणीच ठरवले नाही. दवाखान्यात नेणे हा निर्णय असतो, हे आपल्याला कळते. न नेणे हाही तितकाच मोठा निर्णय असतो, हे मात्र लक्षात येत नाही. त्या सोमवारपासून मी एक नियम केला: थांबायचे तर मुदत घालून थांबायचे.

मुक्या जनावराच्या बाबतीत ही मुदत फार आखूड असते. माणूस दुखणे बोलून दाखवतो, मूल रडते. कुत्रे-मांजर मात्र आजार होता होईल तो लपवते. रानात दुबळेपणा दिसला की शत्रू टपलेलाच असतो. माणसाच्या घरी हजारो वर्षे राहूनही तो स्वभाव गेलेला नाही. मांजरात तर तो अधिकच. म्हणून आपल्याला "आज जरा मलूल दिसते" असे वाटते, तेव्हा दुखणे बहुधा काल-परवाचेच असते.

यावर उपाय एकच. जनावर धडधाकट असताना त्याची ओळख करून घ्यावी. ते झोपलेले असताना छातीचे वर-खाली होणे घड्याळ लावून एक मिनिट मोजावे. निरोगी कुत्र्या-मांजराचा श्वास स्वस्थ झोपेत साधारणपणे मिनिटाला तीसच्या आत असतो. तो सतत चाळीसच्या वर जाऊ लागला, तर ती धोक्याची खूण समजावी. ओठ हळूच वर करून हिरड्या पाहाव्यात. त्या गुलाबी असाव्यात. बोटाने दाबल्यावर पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हावी. काहींच्या हिरड्या जन्मतःच काळ्या असतात. तेथे जीभ किंवा खालच्या पापणीची आतली बाजू पाहावी.

तापाविषयी आपल्याकडे मोठा गैरसमज आहे. नाक कोरडे की ताप, नाक ओले की बरे, असे सर्रास मानले जाते. त्यावर विसंबू नये. कुत्र्या-मांजराचे अंग मुळातच आपल्यापेक्षा ऊन असते. त्यांचे स्वाभाविक तापमान साधारण १००.५ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते. साधा आकडे दाखवणारा थर्मामीटर त्यांच्यासाठी वेगळा ठेवावा आणि टोकाला किंचित तेल लावून तो गुदद्वारात धरावा. १०४ किंवा अधिक भरले, अथवा ९९ च्या खाली गेले, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. जनावर चावरे झाले असेल किंवा त्याला फार वेदना असतील, तर मात्र या खटाटोपात पडू नये.

आता मुख्य प्रश्न. कशासाठी धावावे आणि कशासाठी थांबावे? मी मनाशी तीन कप्पे केले आहेत.

पहिला कप्पा रात्र न पाहण्याचा. बोका वारंवार लघवीला बसतो आणि थेंबही येत नाही, ही त्यातील पहिली गोष्ट. बोक्याची मूत्रनलिका अतिशय अरुंद असते. बारीक खडे किंवा चिकट साका अडकला की ती बंद होते. मग रक्तातील पोटॅशियम वाढत जाते आणि दोन-तीन दिवसांत हृदय थांबू शकते. कुंथणे पाहून आपण बद्धकोष्ठ समजतो आणि तेथेच वेळ जातो. शंका आली तर आधी लघवी होते की नाही, हे पाहावे. धाप लागणे, हिरड्या पांढऱ्या किंवा निळसर पडणे, मांजराने तोंड उघडून श्वास घेणे, झटके येणे, मागचे पाय एकाएकी लुळे पडणे, विषारी वस्तू पोटात जाणे, वाहनाची धडक बसणे, हेही सारे याच कप्प्यातले. धडक बसल्यानंतर जनावर उठून चालू लागले, तरी आत रक्तस्राव असू शकतो. अल्सेशियनसारख्या मोठ्या, खोल छातीच्या कुत्र्याचे पोट नगाऱ्यासारखे फुगले आणि ओकाऱ्या येऊनही काही पडत नसेल, तर जठराला पीळ बसलेला असू शकतो. तेथे तासांचा हिशेब असतो. कुत्री विण्याच्या वेळी जोराच्या कळा देत असून अर्ध्या तासात पिल्लू येत नसेल, तरीही थांबू नये.

माळव्याच्या वैशाखात उष्माघातही याच कप्प्यात धरावा. चपट्या नाकाचे कुत्रे, म्हातारे कुत्रे, बंद मोटारीत किंवा गच्चीवर बांधून ठेवलेले कुत्रे यांना तो चटकन होतो. असे जनावर धापा टाकत अडखळू लागले तर सावलीत आणून साध्या पाण्याने सारे अंग भिजवावे, पंख्याचा वारा घालावा आणि मग ओल्या अंगानेच दवाखान्यात न्यावे. थोडे बरे दिसले, तरी नेणे टाळू नये.

दुसरा कप्पा त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी नेण्याचा. मांजराने चोवीस तास अन्नाला तोंड लावले नाही, तर तो उपवास समजू नये. मांजर, विशेषतः लठ्ठ मांजर, काही दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साठून नवाच जीवघेणा आजार उभा राहतो. वारंवार वांती, रक्ताची हगवण, एकाएकी वाढलेली तहान, डोळा मिटून धरणे, पाय न टेकणे, हेही या कप्प्यातले. न फिरवलेली कुत्री माजावर येऊन गेल्यानंतर महिना-दोन महिन्यांत खूप पाणी पिऊ लागली, मलूल झाली, अंगावरून जाऊ लागले, तर गर्भाशयात पू झाल्याची शंका घ्यावी. गोचिडांचा उपद्रव झालेल्या कुत्र्याला ताप आला किंवा नाकातून रक्त आले, तर गोचीडतापाची तपासणी करून घ्यावी.

लहान पिल्लांना मात्र दुसरा कप्पा नाही. लस न टोचलेले पिल्लू ओकू लागले, त्याला दुर्गंधीयुक्त रक्ताची हगवण लागली, तर तो बहुधा पार्व्हो असतो आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचे जाते. सहा ते आठ आठवड्यांचे असताना पहिली लस आणि चार महिन्यांचे होईपर्यंत पुढच्या मात्रा, हा खर्च त्या आजाराच्या खर्चापेक्षा किती तरी कमी आहे.

तिसरा कप्पा घरी थांबण्याचा. मोठे कुत्रे एकदा ओकले, पण खेळते आहे, पाणी पिते आहे. एक-दोनदा पातळ झाले, पण शेपूट हलते आहे. किंचित लंगडते, पण पाय टेकते. अशा वेळी चोवीस तासांची मुदत घालावी. कागदावर वेळ लिहावी, काय खाल्ले आणि किती वेळा काय झाले, ते टिपावे. मुदत संपली आणि फरक नसला, किंवा मुदतीआधीच काही नवे लक्षण दिसले, तर ऊठसूट तर्क न लढवता उठावे. ती टिपणे डॉक्टरांना फार उपयोगी पडतात.

थांबण्याच्या काळात घरच्या डब्यातील औषध देऊ नये. तापावर आपण घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विष आहे. ती पचवण्याचे सामर्थ्य त्याच्या यकृतात नसते. रक्त प्राणवायू वाहू शकत नाही आणि एकच गोळी जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होतात. आपल्या स्वयंपाकघरातील कांदा, लसूण आणि बेदाणेही त्यांना बाधतात. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा कुत्र्याच्या पुढ्यात प्रेमाने ठेवताना त्यातील बेदाण्यांची आठवण ठेवावी.

एक इशारा मात्र सगळ्यांच्या वर. कुत्र्याचा आवाज बदलला, लाळ गळते, जबडा लोंबतो, गिळता येत नाही, तर घशात हाड अडकले असे समजून तोंडात हात घालू नये. ते रेबीजचे लक्षण असू शकते. जनावर अलग ठेवून डॉक्टरांना तेथे बोलवावे. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ लागली असेल, तर ती जागा पंधरा मिनिटे साबणाने आणि वाहत्या पाण्याने धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी. हा रोग एकदा अंगात दिसू लागला की त्यावर उपाय नाही. आधी मात्र आहे.

खर्चाचा प्रश्न खरा आहे आणि तो बोलण्यात लाज नाही. डॉक्टरांना पहिल्या भेटीतच सांगावे, "इतके जमेल, त्यात काय होईल?" चांगला डॉक्टर त्यातून वाट काढतो. आमच्या इंदूरकरांना जवळच महूचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. १९५५ पासून तेथे पशुवैद्य घडतात. १९६२ या क्रमांकावर अनेक राज्यांत फिरते पशुवैद्यक पथक मिळते. ते मुख्यतः गाई-म्हशींसाठी असले, तरी विचारून पाहावे. आणि आपल्या गावी रात्री किंवा रविवारी कोणता डॉक्टर भेटतो, हे जनावर धडधाकट असतानाच शोधून, क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावा. आमच्या रविवारची गोष्ट दुसऱ्या घरी घडू नये.

त्या रात्री मी सूनबाईला एरंडेल दिले नाही. टोपलीतील बोक्याच्या पोटावर हळूच हात ठेवला. दाबून पाहण्याचे धाडस केले नाही. पण तो गोळा मला ओळखीचा होता. दहा वाजता आम्ही तिघे रिक्षातून निघालो. भिंतीवरील क्रमांकाच्या डॉक्टरांनी दार उघडले. नळी घालून लघवी मोकळी केली, सलाईन लावले, तीन दिवस ठेवून घेतले. आता त्याला पाणी अधिक जावे म्हणून ओले अन्न देतात, आणि पुन्हा कुंथताना दिसला तर काय करायचे, हे त्या घरात सर्वांना ठाऊक आहे.

परवा सूनबाई म्हणाली, "काकू, तुम्ही एरंडेल नाही म्हणालात म्हणून वाचला." मी तिला मन्याची हकिकत अजून सांगितलेली नाही. हे सदर ती वाचते. तेव्हा आता कळेलच.