महामार्गाला दार हवे, दाराला पाणंद हवी



समृद्धी महामार्गाचा विषय निघाला की गावच्या पारावर, गट ऑफिसात, काट्यावर गाड्यांची रांग लागते तिथेसुद्धा दोन प्रकारची माणसे भेटतात. एक म्हणतात, असा रस्ता दुसरा नाही. दुसरे म्हणतात, बडा घर पोकळ वासा. एवढा पैसा ओतला, पण मुंबई-पुणे रस्त्यासारखी वर्दळ आहे का? आम्हास दोन्ही बोलणी अर्धी वाटतात. रस्ता मोकळा का दिसतो याचे कारण नुसते रस्त्यावर शोधून सापडणार नाही. ते बरेचसे रस्त्याच्या कडेला, म्हणजे आपल्याच शिवारात आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. घोषणा झाली २०१५ साली. नागपूर ते मुंबई ७०१ किलोमीटर, सहा पदर, १० जिल्हे, ३९२ गावे. २०१६ साली भूसंचयाची योजना पुढे आली. शेतकऱ्याने जमीन द्यायची आणि बदल्यात विकसित भूखंड व दहा वर्षे वार्षिक रक्कम घ्यायची. ठिकठिकाणी विरोध झाला. हातातली काळी जमीन सोडून कागदावरचा भूखंड धरायला शेतकरी कचरला, यात त्याचे काय चुकले? २०१७ पासून थेट खरेदी सुरू झाली, मोबदला वाढला, तेव्हा काम पुढे सरकले. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा खुला झाला. मे २०२३ मध्ये रस्ता भरवीरपर्यंत आला, मार्च २०२४ मध्ये इगतपुरीपर्यंत, आणि इगतपुरी ते आमणे हे शेवटचे ७६ किलोमीटर ५ जून २०२५ रोजी खुले झाले.

म्हणजे पहिली अडीच वर्षे हा रस्ता मुंबईच्या बाजूला पुरा पोचलाच नव्हता. पुढे जुन्या रस्त्याने कसारा घाट उतरायचाच असेल तर ट्रकवाला हिशेब करणारच. टोलही काही थोडा नाही. मोटारीला किलोमीटरमागे १ रुपया ७३ पैसे होता, तो एप्रिल २०२५ पासून २ रुपये ६ पैसे झाला. सुरुवातीला वाटेत पेट्रोल पंप, चहापाणी, विसाव्याच्या जागा मोजक्याच होत्या. सरळ, मोकळ्या रस्त्यावर डोळा लागण्याचा धोका वेगळाच. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेड राजाजवळ खाजगी बस पेटून २५ प्रवासी दगावले. आपल्या घरातली पोरे गाडी चालवतात, त्यांना हे जरूर सांगा. रस्ता मोकळा आहे म्हणजे बेफिकीर व्हावे असे नव्हे.

पण आमचा मुख्य मुद्दा दारांचा आहे. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्यावर चढण्या-उतरण्याच्या जागा, म्हणजे इंटरचेंज, जेमतेम दोन डझन आहेत. सरासरी काढली तर तीसेक किलोमीटरला एक दार. मधल्या गावांनी रस्ता बघायचा तो खालून. दाराजवळ कृषी समृद्धी नगरे वसतील, माल तिथेच निवडला जाईल, प्रक्रिया होईल, गावच्या पोरांना काम मिळेल, ही मूळ कल्पना चांगली होती. रस्ता पुढे गेला, नगरे मात्र मागेच राहिली. हत्ती गेला आणि शेपूट राहिले म्हणतात तसे झाले. वाहतूक आकाशातून पडत नाही. ती शेतातून, गोदामातून, कारखान्यातून निघते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आता आपल्या उसाचे पाहा. ट्रॅक्टर आणि बैलगाडी यांना या महामार्गावर मज्जावच आहे, आणि तो योग्य आहे. ताशी १२० च्या वेगाने येणाऱ्या मोटारीपुढे दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर कसा चालेल? आपला ऊस फडातून निघतो तो बांधावरून, पाणंदीतून, मग गावरस्त्याने गव्हाणीकडे येतो. उसाचे नुकसान होते ते याच पहिल्या मैलात. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळला गेला पाहिजे हे आम्ही दर हंगामात सांगतो. तो पडून राहिला की वजन घटते, ते सभासदाच्या खिशातून जाते. साखर घटते, ती उताऱ्यातून म्हणजे पुन्हा सगळ्यांच्याच खिशातून जाते. मार्च-एप्रिलच्या उन्हात तर विचारूच नका. आणि गाडी अडते कशाने? पाणंद नांगरून घेतली म्हणून, बांधावर काटे टाकले म्हणून, भाऊबंदकी म्हणून!

यावर कायदा आहे, तो माहीत करून घ्या. वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र अडवणूक झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. पाणंद रस्त्यांसाठी २०२१ साली मातोश्री ग्रामसमृद्धी योजनाही आली. पण कज्जापेक्षा समजुतीने सुटलेली वाट लवकर वापरात येते. हंगामाच्या तोंडाशी धावण्यापेक्षा पावसाळ्याआधीच चार शेजारी एकत्र बसा. तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नाही.

शेवटचा मुद्दा अधिक मोठा आहे. महामार्ग एवढ्यावर थांबणार नाहीत. शक्तिपीठ महामार्गावरून २०२४ पासून कोल्हापूर-सांगलीच्या ऊस पट्ट्यात किती असंतोष झाला ते आपण पाहिले. उद्या आणखी कुठे मोजणीचे दगड लागतील. जमीन द्यावी की न द्यावी हे ज्याचे त्याने ठरवावे, तो त्याचा हक्क आहे. पण नुसत्या दराची घासाघीस करून उठू नका. रकमेबरोबर चार गोष्टी विचारा आणि नकाशावर दाखवून घ्या. आपल्या गावाला दार कुठे? शेताचे दोन तुकडे होतात तिथे खालून वाट कुठे, आणि भरलेली उसाची ट्रॉली तिच्यातून जाईल एवढी ती उंच आहे का? भरावामुळे अडणारे पावसाचे पाणी कुठून काढणार? पाणी साचले तर उसाच्या मुळ्या गुदमरतात. पाइपलाइन पलीकडे कशी नेणार? रक्कम दोन-चार वर्षांत घरात, लग्नात, मोटारीत जिरते. वाट मात्र नातवालाही लागते.

मोठा रस्ता वाईट नाही. साखरेचा ट्रक, टोमॅटोचा टेम्पो, दवाखान्याची गाडी त्यावरून वेळेत पोचली तर आनंदच आहे. पण महामार्ग भरलेला दिसावा असे सरकारला वाटत असेल तर त्याने दारे आणि जोडरस्ते पुरे करावेत. आणि आपली ट्रॉली वेळेत गव्हाणीवर यावी असे आपल्याला वाटत असेल तर आपण आपल्या पाणंदी मोकळ्या कराव्यात. पहिले काम मागणी करून, दुसरे आपल्या हातांनी. दुसऱ्याला कोणाच्या मंजुरीची गरज नाही. तेवढे तरी येत्या हंगामापूर्वी करू या.