‘पुणे’ टाईप करून बघा!

प्रॅक्टिकलला नाव मराठीत टाकलं की स्क्रीनवर प्रश्नचिन्हांची रांग! मग आपण काय करतो? गुपचूप इंग्रजीत टाकतो, जर्नलवर सही घेतो. एरर तिथंच.

जरा उकरून बघा ना. ‘पुणे’ची लांबी पायथॉन ४ सांगतं, ‘सी’चं स्ट्रलेन यूटीएफ-८ मध्ये १२. दोन्ही बरोबरच, एक चिन्हं मोजतं, दुसरं बाइट. म्हणजे १० बाइटच्या ॲरेत ते मावणारच नाही. चौकोन दिसले तर बहुतेक वेळा फॉन्टची अडचण, प्रश्नचिन्हं दिसली तर एन्कोडिंगची. कंपायलर बिचारा उगाच शिव्या खातो.

१९८८ मध्ये सी-डॅक सुरू झालेल्या शहरात मराठी इनपुट चुकवून पास होणं शोभत नाही. ओरलला परीक्षकांनीच ते मागावं.