मिठाची गुळणी

बोलायला हवे तेथे न बोलणाऱ्या माणसासाठी आपल्या भाषेने मोठे झकास वाक्प्रचार करून ठेवले आहेत. असा माणूस मूग गिळून बसतो, अळीमिळी गुपचिळी करतो, नाहीतर मिठाची गुळणी धरतो. पैकी पहिल्या दोहोंना किंचित लबाडीचा वास आहे. तिसऱ्यात मात्र कष्ट आहेत. मिठाच्या पाण्याची गुळणी तोंडात धरून पाच मिनिटे बसून पाहा. गिळता येत नाही, थुंकता येत नाही, आणि कोणी हाक मारली तर हुंकाराखेरीज उत्तर देता येत नाही. या सदरातून वर्षभर मी शब्दांच्या खोड्या सांगत असतो. आज फराळाचे ताट वाचकांपुढे असताना एका कडकडीत उपवासाची हकीकत सांगणार आहे. उपवास करणारी बाई तीन इंच लांब आहे, अंगाने पिवळीधमक आहे, आणि आमच्या बाहेरच्या खोलीतल्या काचेच्या टाकीत राहते.

माशांच्या दुकानात तिला ‘येलो लॅब’ म्हणतात. शास्त्रातले नाव लॅबिडोक्रोमिस सेरुलियस. यातल्या सेरुलियस या लॅटिन शब्दाचा अर्थ निळा! हळकुंडासारख्या माशाला निळा म्हणणे म्हणजे नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा यातलाच प्रकार. पण फ्रायर नावाच्या शास्त्रज्ञाने १९५६ साली या जातीचे वर्णन केले तेव्हा त्याच्यासमोर जे मासे होते ते निळसर पांढरे होते. सरोवराच्या वायव्य किनाऱ्याच्या एका तुकड्यातले पिवळे भाऊबंद शौकिनांच्या हाती पुढे लागले आणि जगभर तेच पसरले. बारशाला केलेली गडबड अशी जन्मभर पुरते.

हे सरोवर म्हणजे आफ्रिकेतले मलावी. मुंबईहून निघून गोव्याला पोचावे इतकी त्याची लांबी, आणि खोली एका जागी सातशे मीटर. त्यात सिक्लिड कुळातल्या माशांच्या शेकडो जाती आहेत आणि बहुतेक जगात दुसरीकडे कोठेही नाहीत. या मंडळींची घरे खडकांच्या कपारींत. शेजारी सगळे भांडखोर आणि भुकेले. अशा आळीत अंडी उघड्यावर ठेवून चालत नाही. म्हणून आई ती तोंडात ठेवते.

ती तेथे जातात कशी हे पाहण्यासारखे असते. नर अंग थरथरवीत मादीला एखाद्या सपाट दगडाकडे नेतो. मग दोघे एकमेकांच्या शेपटीशी तोंड लावून फुगडी घालावी तसे गोल फिरू लागतात. मादी एखाददुसरे अंडे टाकते आणि गर्रकन वळून तोंडात घेते. इतकी घाई की अंडे फळायलाही सवड मिळत नाही. या कुळातल्या पुष्कळ नरांच्या पोटाखालच्या मागच्या परावर अंड्याच्याच आकाराचे पिवळे ठिपके असतात. मादी तेही टिपायला जाते, आणि नेमके त्याच वेळी नराचे बीज तिच्या तोंडात जाऊन आतली अंडी फळतात. ठिपका म्हणजे अंड्याची हुबेहूब नक्कल, हा तर्क वुल्फगांग विकलर यांनी १९६२ साली मांडला. पुढच्या अभ्यासकांनी त्याला थोडे फाटे फोडले आहेत, कारण ठिपके नसलेल्या जातींचेही संसार सुरळीत चालतात. ते काही असो. नवऱ्याच्या कपड्यावरचा डाग पुसायला गेलेली बाई आणि त्यातून वाढलेला संसार, हे दृश्य आमच्या घरातल्या स्त्रीवर्गाला फार पटले.

आपल्या संतांनी आईपणाचे दाखले देताना जीवसृष्टी पालथी घातली आहे. कासवी नजरेने पिले वाढवते, पक्षिणी चोचीतून चारा आणते. वैष्णव आचार्यांत तर देव माणसाला तारतो तो मांजरीने पिलू तोंडात धरावे तसा की माकडिणीला पिलू बिलगते तसा, यावरून दोन तट पडले. तोंडात पिले घेऊन तीन आठवडे उपाशी राहणारी ही माशी त्यांच्या पाहण्यात आली असती तर मार्जारकिशोर न्यायाचे काय झाले असते, हा विचार वर्गात शिकवताना हल्ली माझ्या मनात येऊन जातो.

आमची टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच. त्यात दगडांची रास, एक नर आणि चार माद्या. मलावीचे पाणी अल्कधर्मी आणि आमच्या नळाचे मऊ, म्हणून गाळणीत शिंपल्यांचा चुरा घातलेला. आठवड्याला एकचतुर्थांश पाणी बदलायचे, आणि तेही क्लोरीन उडावे म्हणून आदल्या दिवशी बादल्यांत भरून ठेवायचे. नर एक आणि माद्या चार का, तर नराचा जाच एकीवरच पडू नये, तो चौघींत वाटला जावा. ही सोय मी उत्साहाने समजावून सांगितली तेव्हा हिने एवढेच विचारले, “सोय कोणाची म्हणालात?”

उन्हाळ्यात या चौघींतल्या एकीची हनुवटी खाली उतरली. घरात आनंद झाला आणि सहाव्या दिवशी गळा सपाट! पहिलटकरीण मादी पुष्कळदा असे करते. अंडी फळलेली नसतात, भीती वाटते, किंवा भूक अनावर होते, आणि ती सगळी गिळून मोकळी होते. हे मी पुस्तकातून सांगितले, पण आईने दोन दिवस टाकीकडे पाठ करून माळ ओढली.

पावसाळ्यात तिनेच पुन्हा गुळणी धरली. या वेळी कोणी आनंद दाखवला नाही. धाकटीने मात्र कॅलेंडरवर टिंबे द्यायला सुरुवात केली. गळा फुगलेला, आणि जबडा सुपारी चघळावी तसा सावकाश हलतो आहे. ती चघळत नसते. आतली अंडी उलटीपालटी करून त्यांच्यावर पाणी खेळवत असते. ते थांबले तर अंड्यांना बुरशी येते. पाच-सहा दिवसांत अंडी फुटतात, पण पिलांच्या पोटाला पिवळ्या बलकाची शिदोरी बांधलेली असते. ती संपेपर्यंत त्यांचा मुक्काम तोंडातच. बाकीचे मासे दाण्यांवर तुटून पडत तेव्हा ही कोपऱ्यात दगडाआड उभी राही. दाणा नाकासमोरून खाली जाई, ती त्याच्याकडे पाही, आणि तो तळाशी जाई.

बाराव्या दिवसापर्यंत तिची पाठ सुरीच्या पात्यासारखी झाली, आणि घरात वादाला तोंड फुटले.

मासे विकण्यासाठी वाढवणारे लोक पिलांची वाट पाहत बसत नाहीत. चौदा-पंधरा दिवस झाले की मादीला ओल्या हातात धरून तोंड खाली करतात, काडीच्या बोथट टोकाने खालचा जबडा अलगद उघडतात आणि पिले भांड्यात पाडून घेतात. पुढे हवेच्या पंपावर खळाळणाऱ्या नळकांड्यात ती वाढतात. पिले जास्त वाचतात आणि मादी त्याच दिवशी जेवते. दुकानदाराचा सल्लाही हाच होता. आईला तो ऐकवला मात्र, ती म्हणाली, “तोंडातला घास काढतात तो वैऱ्याच्या. लेकराची आहे का ती रीत?” माझा कल आईकडे होता हे सांगायला नको, तिची वाक्ये वाङ्मयाला जवळची असतात.

ही स्वयंपाकघरातून बाहेर आली. म्हणाली, “उपास करणाऱ्या बाईचं कौतुक करायला सगळे पुढे. तिला जेव म्हणणारा एकही नाही. तिला पुढच्या वेळेला जगायचं आहे की नाही?”

हा प्रश्न माशाच्या टाकीपुरता राहिला नाही हे खोलीतल्या सर्वांना कळले. आईने माळ खाली ठेवली. हिची दोन्ही बाळंतपणे आईनेच केली होती, आणि स्वतः आईची कोणी आणि कशी केली होती ते आम्हांला ऐकून माहीत होते. थोड्या वेळाने आईच म्हणाली, “किती दिवस धरते म्हणालास? त्याच्यापुढे एक दिवस नको.”

असा तोडगा निघाला. अठराव्या रात्री दिवे मालवून, मादी झोपेत असताना तिला जाळीने लहान टाकीत हलवायचे. पाणी मोठ्या टाकीतलेच, आत एक उलटी पणती आडोशाला, म्हणजे निदान नराचा पाठलाग टळेल. चोविसाव्या दिवशी पिलांची शिदोरी संपलेली असणार, त्यापुढे उपासाला अर्थ नाही. तोवर सोडली नाहीत तर तोंड उघडायचे. बाविसाव्या सकाळी धाकटीने हाक मारली. पणतीखाली बासमतीच्या दाण्याएवढे काहीतरी हलत होते. मोजून सतरा. काही जातींच्या आया धोका दिसताच पिलांना परत तोंडात घेतात. आमच्या या जातीत तेवढे कौतुक नाही. तिला लगेच वेगळे केले. हिने पहिले चार दाणे स्वतःच्या हाताने टाकले, आणि चारही पाण्याच्या पृष्ठभागावरच संपले. आठवडाभर तिला थोडे थोडे, पुष्कळ वेळा, एकटीलाच जेवण मिळाले. डिंकाच्या लाडवाची चौकशी आईने दोनदा केली.

पिलांचे खाणे सोपे असते, कारण ती चांगली थोराड निघतात. दाणे बोटांत चुरून दिले तरी चालते, पण आर्टेमियाने जोम धरतात. लिटरभर पाण्यात पंचवीस ग्रॅम मीठ, त्यात चिमूटभर आर्टेमियाची अंडी, खालून हवेचा पंप. दीड दिवसात नारिंगी धुळीसारखे जीव पोहू लागतात. बाटलीच्या एका बाजूला दिवा धरला की ते उजेडाकडे गोळा होतात, मग नळीने ओढून फडक्यात गाळायचे आणि गोड्या पाण्याने धुवायचे. सतरांपैकी दोन पिले पहिल्याच आठवड्यात गेली. पंधरा राहिली.

एवढी ममता जगात कोणी फुकट जाऊ देईल असे समजू नका. मलावीच्या उत्तरेला टांगानिका नावाचे दुसरे सरोवर आहे. तेथला एक ठिपकेदार मार्जारमासा, तोंडात अंडी धरणाऱ्या माशांचे मीलन चालू असताना मध्ये घुसून स्वतःची अंडी टाकतो. आई आपली समजून तीही उचलते. परक्याची पिले आधी फुटतात आणि तोंडातल्या तोंडात तिची खरी पिले खाऊन टाकतात. १९८६ साली सातो या जपानी संशोधकाने हे जगापुढे मांडले. आपली कोकिळा याच्यापुढे सोज्वळ म्हणावी.

आणि हे सारे दूरदेशीचे समजू नका. आपल्या किनाऱ्यावरच्या शिंगाळ्यात गोटीएवढी अंडी तोंडात धरून उपाशी राहतो तो बाप. उजनीच्या पाण्यातून बाजारात येते ती चिलापीही अंडी तोंडातच सांभाळते. तिचे मूळ कुळही आफ्रिकेचे. १९५२ साली तिलापिया भारतात आणला गेला. पिले तोंडात सुरक्षित, म्हणून वाचतात फार. वाचतात फार म्हणून जेथे शिरते तेथे देशी माशांना जागा उरत नाही. आईचा जो गुण आम्ही टाकीसमोर बसून पाहत होतो त्यानेच दुसरीकडे नद्या ओस पाडल्या आहेत.

त्यामुळे पंधरा पिलांचे काय करायचे हा प्रश्न हौसेचा राहिला नाही. बोटाच्या पेराएवढी होऊन पिवळी पडली तेव्हा सहा आम्ही ठेवली आणि बाकीची ओळखीत वाटली. नदीत, तळ्यात, विहिरीत सोडणार नाही असे कबूल करून घेऊन, आणि नको झाली तर परत आणायची या बोलीवर. चार नेली ती एका विद्यार्थ्याने. पिशवी उजेडात धरून त्याने विचारले, “सर, यातल्या माद्या कोणत्या?” या जातीत लहानपणी ते मलाही सांगता येत नाही. म्हटले, सहा-आठ महिने दाणे घालत राहा, जी एके दिवशी जेवायला येणार नाही ती मादी.