डीजे फुकट नसतो



पुण्यात शिकायला गेलेल्या आपल्या पोरांना सध्या 'इंडी' हा शब्द लई आवडतो. इंडी म्हणजे कंपनीच्या दावणीला न बांधलेला बँड. स्वतः लिहिणार, स्वतः चाल लावणार, स्वतः वाजवणार. २०१० साली पुण्यात एनएच सेव्हन वीकेंडर सुरू झाला आणि हा शब्द हॉस्टेलाच्या खोल्यांतून शिरला. काळे टीशर्ट घालून पोरं जातात, घसा बसेस्तोवर ओरडतात. मीही जातो. सुप्याहून चौफुल्यावरनं एस्टीनं जातो, शेवटची गाडी चुकली की हडपसरला मित्राच्या खोलीवर पडतो. गिटार कानात घुसली की अंगावर काटा येतो. त्याची मला लाज नाही.

आपल्यातली काही वडीलधारी मंडळी म्हणतात, हे गोऱ्यांचं, श्रीमंतांच्या पोरांचं खूळ आहे. चूक आहे ते. रॉक ज्या ब्लूजमधनं जन्मलं ते गुलामांच्या पोरानातवंडांचं गाणं. सिस्टर रोझेटा थार्प ही काळी बाई देवाची गाणी इलेक्ट्रिक गिटारवर वाजवत होती, तेव्हा रॉकला नावसुद्धा नव्हतं. 'हाउंड डॉग' हे गाणं बिग मामा थॉर्नटननं १९५२ साली रेकॉर्ड केलं. १९५६ साली तेच एल्विस प्रेस्लेनं म्हटलं आणि राजा तो झाला. हे आपल्याला समजावून सांगावं लागतं का? ज्यानं कातडं कमावून हलगी मढवली तो मिरवणुकीत पुढं आणि पंगतीत बाहेर, हे आपण पाहिलेलंच आहे.

१९७२ साली आपण पँथर हे नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडनं घेतलं. पण त्या ब्लॅक पँथर पार्टीचा स्वतःचा बँड होता, 'द लंपन' नावाचा, हे किती जणांना ठाऊक आहे? पक्षाचेच कार्यकर्ते १९७० साली स्टेजवर उभे राहून गात होते. आपण नाव आणलं, बँड तिकडंच राहिला.

राहिला म्हणजे काय, आपल्याकडं तो आधीपासनंच होता. माझं भांडण इथं सुरू होतं.

१९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांचे साथीदार जलसा घेऊन गावोगाव फिरले. तमाशाचाच साचा घेतला. गणातला देव आणि गवळणीतला कृष्ण काढून टाकला, तिथं बाबासाहेबांचा विचार बसवला. कंपनी नाही, सरकार नाही, जमीनदार नाही. याला इंडी म्हणायचं नाही तर कशाला? वामनदादा कर्डक २००४ साली वारले तोवर वस्त्यावस्त्यांतनं गात होते. विलास घोगरे गात होता. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसं मेली, आणि चार दिवसांनी विलासनं आपल्या झोपडीत गळफास घेतला. पुण्यातच २००२ साली, गुजरातच्या दंगलीनंतर, कबीर कला मंच उभा राहिला. २०११ ला अटका, २०१३ ला अटका, २०२० ला पुन्हा अटका. कागदावर आरोप माओवाद्यांशी संबंधाचा, हातात डफ. आता सांगा, कुठल्या रॉक बँडच्या मागं एवढी पोलीस लागलीय? तरी आमच्या पोरांच्या लेखी तो बँड, आणि हा नुस्ता 'कार्यक्रम'!

शब्द बघा कसे वाटून दिलेत. सवाई गंधर्व १९५३ पासून 'महोत्सव'. रॉक 'फेस्टिवल'. आपला 'कार्यक्रम'. आणि सुप्याहून पुण्याला जाताना वाटेत चौफुल्याला कला केंद्रं आहेत, तिथं ढोलकी, पेटी, घुंगरू सगळं जिवंत वाजतं, बाहेर बागायतदारांच्या गाड्या लागतात, ती 'बारी'. गाणारीची जात बघून मग शब्द ठरतो.

पण बामणाला शिव्या देऊन आपलं भागत नाही. १४ एप्रिलला आपण काय करतो ते बघा. डीजे. भिंतीएवढे बॉक्स, म्हाताऱ्यांच्या छातीत धडधड, आणि वाजवणारा कोण? पेन ड्राइव्ह! भीमगीताचे शब्दसुद्धा त्या दणक्यात ऐकू येत न्हाईत. त्याच वस्तीत ढोलकीवाला पोरगा घरी बसून असतो, त्याला कुणी विचारत नाही. डीजेचे पैसे कोण देतो? कमानीवरच्या फ्लेक्सवर बाबासाहेबांपेक्षा मोठं तोंड ज्याचं असतं, तो.

सुप्याच्या पोरांनी तरी हे ओळखायला पाहिजे. १२ मे १८७५ ला याच गावात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं, वह्या काढून जाळल्या. दख्खनच्या दंग्याची सुरुवात सुप्यातनं झाली. कर्ज तेव्हा निदान कागदावर होतं. आता कागदही लागत नाही. एप्रिलात डीजे घ्यायचा आणि निवडणुकीत व्याजासकट फेडायचा. आणि वस्तीतल्या कुणावर हात उठला की त्याच माणसाच्या वाड्यावर जाऊन बसायचं. तो म्हणणार, मिटवून घ्या. काय तोंडानं नाही म्हणणार?

गिटार टाकून द्या असं मी म्हणत नाही. उलट आणा. मद्रासेत पा. रणजितच्या पुढाकारानं २०१८ च्या जानेवारीत 'कास्टलेस कलेक्टिव्ह' स्टेजवर आला. त्यात वस्तीतलं गाना आहे, परई आहे आणि इलेक्ट्रिक गिटारही आहे. मुंबईत कबीर शाक्यच्या 'धम्म विंग्ज'नं गिटार-ड्रमवर बुद्ध आणि भीम गायले. बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात हलगी वाजवणारी पोरं आहेत, कॉलेजात गिटार शिकलेली पोरं आहेत, कविता लिहिणाऱ्या पोरी तर चिक्कार आहेत, फक्त त्यांना माईक कुणी देत नाही. त्यांना एकत्र बसवा. गाणाऱ्याला नारळ-टोपी देऊन पाठवू नका, मानधन द्या, ठरवून द्या, आधी द्या.

सुप्यात यंदा घरटी वर्गणी काढायची असं आम्ही चौघांनी ठरवलंय. ज्याला शंभर जमतील त्यानं शंभर, ज्याला दहा त्यानं दहा. नेत्याची पावती फाडायची नाही. जमेल तेवढ्यात एक पार्टी बोलवायची, जिवंत गाणारी. कमी पडले तर बॉक्स दोनच लावू, गाणं ऐकू येईल. काही जण म्हणत्यात, पोरं नाचणार कशावर? हलगीवर. आजा नाचला तसंच.

मार्चच्या पहिल्या रविवारी समाजमंदिरात बैठक आहे. डीजेवाले पण येणार आहेत, भांडण होईल. वर्गणीची वही मी आणतोय.