फी भरण्याआधी वही उघडा

चेन्नईतल्या मराठी घरांना हे सांगायचं आहे. साहुकारपेठेत सोनं गाळणाऱ्या गलाईवाल्यांच्या मुलांना, बदलीमुळे या शहरात आलेल्यांना आणि घर सांभाळून नवं काही शिकू पाहणाऱ्या बायकांनाही. प्रोग्रामिंग शिकायचं मनात आहे ना? जरूर शिका. फक्त पहिल्याच दिवशी कुणाच्या हातात पैसे ठेवू नका.

नोकरीची हमी देणाऱ्या क्लासच्या जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. अशा फीसाठी दागिना गहाण टाकू नका. हप्तेही बांधून घेऊ नका. महिन्याभरात मन उडालं तर क्लास सुटतो, हप्ते सुटत नाहीत. हे काम आपल्याला आवडतं की नाही, हे आधी फुकटात कळू शकतं. ते कसं, ते सांगतो.

याच शहरात आयआयटी मद्रास आहे. २०२० साली तिने प्रोग्रामिंग आणि डेटा सायन्सचा पदवी अभ्यासक्रम ऑनलाइन सुरू केला. त्याला जेईई लागत नाही, वयाची अट नाही. त्यात अगदी नवख्यांना आधी जो विषय शिकवतात, त्यात संगणकाची भाषाच नसते. प्रा. माधवन मुकुंद आणि प्रा. जी. वेंकटेश समोर कार्डांचा गठ्ठा ठेवतात. काही कार्डांवर मुलांचे गुण, काहींवर दुकानाची बिलं, काहींवर नुसते शब्द. एक कार्ड उचला. त्यावरचे गुण पाहा. आतापर्यंतच्या सगळ्यांत मोठ्या आकड्याशी ताडून पाहा. मोठे असतील तर तो आकडा लिहून ठेवा. कार्ड बाजूला ठेवा, पुढचं उचला. गठ्ठा संपला की उत्तर हातात. पायथॉन ही संगणकाची भाषा त्यानंतर येते.

ही पद्धत मला फार मोलाची वाटते, कारण नवखा माणूस अडतो तो इथेच. पायथॉनचे शब्द चार दिवसांत पाठ होतात. पण काम एकेका पायरीने सांगायची सवय नसली, तर शब्द येऊनही हात चालत नाही. १९७३ साली आयआयटी मद्रासमध्ये आयबीएम ३७० हा मोठा संगणक आला. त्या काळी प्रोग्राम भोकं पाडलेल्या कार्डांवर द्यावा लागे आणि उत्तराची वाट पाहत बसावं लागे. साहजिकच माणसं आधी कागदावर विचार पक्का करत. आज उत्तर क्षणात येतं, म्हणून ती सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

तेव्हा पहिला आठवडा वहीच घ्या. महिन्याची किराणा बिलं काढा. सर्वांत मोठं बिल कोणतं? पाचशेच्या वरची किती? तेलावर एकूण किती गेले? उत्तर काढताना तुम्ही काय काय केलंत, ते ओळीने लिहा. मग ती वही घरातल्या दुसऱ्या कुणाला द्या आणि न बोलता बसा. लिहिलेलं वाचून त्यांना तेच उत्तर काढता आलं, तर तुमचा पहिला प्रोग्राम झाला. घरात शांतता नसेल तर कोट्टूरपुरमच्या अण्णा शताब्दी ग्रंथालयात जा. तिथे स्वतःची पुस्तकं घेऊन बसायला वेगळी जागा आहे.

दुसऱ्या आठवड्यात संगणक उघडा. महागडा नको, जुना लॅपटॉप चालतो. पायथॉन फुकट मिळतो. फोनवरही शिकता येतं, पण टायपिंगने जीव मेटाकुटीला येतो.

पहिलं काम आपल्या घरातलं घ्या. गलाईचं दुकान असेल तर टंचाचा, म्हणजे सोन्याच्या शुद्धतेच्या टक्क्यांचा हिशोब. वजन विचारायचं, टंच विचारायचा, दोन्हींचा गुणाकार करून शंभराने भागायचं. दहा ग्रॅमला ९१.६ टंच असेल तर शुद्ध सोनं ९.१६ ग्रॅम यायला हवं. तोंडी येणारं उत्तर घेतलं की चूक लगेच पकडता येते. ते जमलं की पाच नगांचा हिशोब एकापाठोपाठ करायला लावा आणि शेवटी बेरीज मागा. एवढ्यात प्रोग्रामिंगचा निम्मा पाया येतो.

इथे एक खड्डा आहे. तुम्ही १० आणि ५ टाइप करता, बेरीज मागता आणि उत्तर येतं १०५. घाबरू नका. तुम्ही टाइप केलेलं पायथॉन अक्षरं म्हणून घेतो आणि एकापुढे एक जोडतो. हा आकडा आहे, हे त्याला सांगावं लागतं. पूर्णांकाला इंट, दशांशाला फ्लोट.

लाल अक्षरांत इंग्रजी मजकूर आला की बरेच जण खिडकी बंद करतात. तसं करू नका. सगळ्यांत खालची ओळ आधी वाचा. मग वर कितव्या ओळीचा आकडा दिलाय तो पाहा. बहुतेक वेळा कंस राहिलेला असतो, नावाचं स्पेलिंग चुकलेलं असतं किंवा ओळीच्या आधीची मोकळी जागा कमीजास्त झालेली असते.

एआयला विचारायला हरकत नाही, पण आधी स्वतः लिहा, अडलात की विचारा. आयतं उत्तर चिकटवलं की काम होतं, शिकणं होत नाही. मुलाखतीत समोर कोरा कागद येतो तेव्हा ते कळतं.

व्हिडिओ हवे असतील तर एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर 'द जॉय ऑफ कॉम्प्युटिंग युझिंग पायथॉन' हा नवख्यांसाठीचा अभ्यासक्रम आहे. शिकणं फुकट, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच फी. इंग्रजी जड जात असेल तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल पाहा. त्यातले बरेच पाठ मराठीत आहेत आणि छोटे आहेत. मात्र नुसते बघत बसू नका. पाच मिनिटं बघा, थांबवा, स्वतःच्या हाताने टाइप करा. रोज अर्धा तास पुरे. रविवारी सहा तास बसून आठवडाभर सुट्टी घेतली, तर पुढच्या रविवारी पुन्हा पहिल्या पाठापासून सुरुवात होते.

घरातल्या मोठ्यांनाही एक विनंती. सून किंवा मुलगी शिकत असेल, तर त्या अर्ध्या तासात तिला हाक मारू नका.

दोनतीन महिन्यांनी तुमचा हिशोबाचा प्रोग्राम कुणाला न विचारता लिहिता आला आणि अजून शिकावंसं वाटलं, तर खुशाल क्लास शोधा. आधी एक तास फुकट बसून बघा. शिकवणारे स्वतः काय काम करतात, ते विचारा. मुलं स्वतः टाइप करतात की फक्त पडदा बघतात, ते बघा. मध्येच सोडलं तर किती पैसे परत मिळतील, हे लेखी मागा. नोकरीची हमी देत असतील तर तीही लेखी मागा. लिहून द्यायला टाळाटाळ झाली, तर पाकीट बाहेर न काढता नमस्कार करून घरी या.